चाकाची तिरकी चाल

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,


गेल्या पावसाळ्यात पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना माझ्या कारचे पुढचे चाक पंक्चर झाले. पंक्चरवाल्याने चाक काढले आणि म्हणाला, "सर, हा टायर बाहेरून जवान, आतून म्हातारा आहे." पाहतो तर आतल्या कडेची नक्षी साफ गेलेली, रबराखालच्या तारा दिसत होत्या. बाहेरची कड मात्र चांगली. मी रोज तेवढीच पाहत होतो! स्टेअरिंगवर हात सैल केला की गाडी डावीकडे ओढायची, तिकडेही मी लक्ष दिले नव्हते. त्या गाडीत अनेकदा आपल्या शाळेची मुले बसलेली असत. तेव्हापासून हा विषय समजून घेतला, तो आपल्यापुढे मांडतो.

मुलांनो, आधी आपली चप्पल उलटी करून पाहा. तिरके पाऊल टाकणाऱ्याची चप्पल एका बाजूने झिजते. चाकाचेही तसेच आहे. दोन्ही चाके समांतर धावायला हवीत. खड्ड्याचा जोराचा दणका बसला किंवा स्टेअरिंगचे सुटे भाग झिजले, की एखादे चाक तिरपे होते. मग ते पुढे फिरते आणि आडवे घासटतेही. गणित सोपे आहे : चाक फक्त १ अंश तिरपे असेल, तर १ किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवे ओढले जाते. टायर झिजणार नाही तर काय!

झीज पाहून दोष ओळखता येतो :

• दोन्ही कडा झिजल्या : हवा कमी किंवा ओझे जास्त. संत्र्याच्या हंगामात गाड्या भरून नेणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.
• मधला भाग झिजला : हवा जास्त.
• एकच कड झिजली : चाक तिरपे, अलाइनमेंट तपासा.
• हात आडवा फिरवला तर एकीकडून गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखे लागते : तेच कारण.
• जागोजागी खड्डे पडले : शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंगचा दोष.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एक नव्हे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट पाहावे. वेग वाढला की स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग. रस्त्याच्या उतारानेही गाडी ओढते, म्हणून सपाट रस्त्यावर पारख करावी. सुटे भाग ढिले असतील तर ते आधी बदलावेत, नाहीतर अलाइनमेंट टिकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलावा. खाचा पाणी बाहेर काढतात. त्या नसतील तर ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही गाडी घसरते.

या रविवारी एक गृहपाठ करा. घरच्या गाडीचे स्टेअरिंग वडिलांना पूर्ण वळवायला सांगा आणि पुढच्या टायरची आतली कड पाहा. मुलांना शाळेत आणणाऱ्या गाड्यांचे टायर पालकांनी व विश्वस्तांनीही असेच पाहावेत. नवा टायर पुन्हा विकत मिळतो, आपली लेकरे नाही.

आपला,
प्राचार्य