रुचिज्ञान
रुचिज्ञान : लाळेत विरघळलेले पदार्थ मुखातील विशिष्ट ग्राहींच्या संपर्कात आल्याने होणारी संवेदना. गोड, आंबट, खारट व कडू या चार मूलभूत रुची पूर्वापार मानल्या जात. किकुनाए इकेडा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्रशैवलाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे करून ‘उमामी’ ही पाचवी रुची मांडली. तिला सर्वमान्यता मिळण्यास मात्र बराच काळ लागला.

आयुर्वेदातील षड्रसांत तिखट व तुरट यांचाही अंतर्भाव होतो (तेथे ‘कटु’ म्हणजे तिखट व ‘तिक्त’ म्हणजे कडू). शरीरक्रियाविज्ञानानुसार तिखटपणा ही रुची नव्हे. मिरचीतील कॅप्सायसीन हे उष्णता व वेदना जाणणाऱ्या तंत्रिकाग्रांना उद्दीपित करते. म्हणूनच मिरची कापलेला हात डोळ्याला लागला, तरी तेथेही आग होते.

जिभेच्या पृष्ठावरील बारीक उंचवट्यांना अंकुरक म्हणतात. त्यांतील सर्वाधिक संख्येचे सूत्राकार अंकुरक रुचिहीन असतात. इतर प्रकारांत रुचिकलिका असतात. टाळू व घशातही त्या आढळतात. एका कलिकेत सु. ५० ते १०० कोशिका असून त्यांतील बहुतेक दोन-तीन आठवड्यांत बदलत राहतात. गरम चहाने पोळलेल्या जिभेची चव परत येते ती यामुळेच.

गोड शेंड्यावर, कडू मुळाशी असा जिभेचा नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांतून छापला गेला; तो चुकीचा आहे. हॅनिग या जर्मन संशोधकांनी १९०१ मध्ये जिभेच्या कडेवर संवेदनक्षमतेतील अल्प फरक नोंदविले होते. एडविन बोरिंग यांच्या १९४२ च्या ग्रंथातील आलेखामुळे ते फरक अवास्तव ठळक भासू लागले. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा हे भेद किरकोळ ठरले. रुचिकलिका जेथे आहेत, तेथे सर्व रुची जाणवतात.

रुचिभेद जागेवर नव्हे, तर ग्राहींवर अवलंबून असतो. मधुनाशिनीची (गुडमार) पाने चघळल्यावर काही वेळ साखर वाळूसारखी बेचव लागते, कारण पानांतील जिम्नेमिक अम्ले गोड रुचीच्या ग्राहीला निष्प्रभ करतात. त्या वेळी मीठ मात्र खारटच लागते. गोड रुचीसाठी मुख्यतः एकच संयुक्त ग्राही असतो, तर कडू रुचीसाठी मानवात सु. २५ प्रकारचे ग्राही आहेत. वनस्पतींतील अनेक विषे कडू असून त्यांची रासायनिक रचना परस्परांहून फार भिन्न असते. त्या सर्वांची सूचना मेंदूला एकाच ‘कडू’ संवेदनेने मिळते व घास गिळण्यापूर्वीच थुंकला जातो.