लग्नाची कॅसेट कॉम्प्युटरवर कशी घ्यायची?



आपल्यापैकी अनेकींच्या कपाटात लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट पडून असेल. आज हयात नसलेली माणसं तिच्यात चालताबोलताना दिसतात. आजेसासूचा उखाणा, वडिलांचा आवाज दुसरीकडे कुठे मिळणार? पण आतली फीत कायम टिकत नाही. दमट हवेत तिला बुरशी लागते, चित्र फिकं पडतं. शिवाय जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवीन यंत्र मिळत नाही. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

काय लागेल?

१. चालू व्हीसीआर किंवा व्हीसीपी
२. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप
३. यूएसबी व्हिडिओ कॅप्चर. ही पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू असते. व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला थेट कळत नाही, ते कळेल असं करून देण्याचं काम ही करते.
४. पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांची वायर. डीव्हीडी प्लेअरला लावतो तीच.

आधी कॅसेट तपासा

झाकण उचलून फीत बघा. पांढरे डाग किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावू नका, यंत्र खराब होईल आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागेल. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्या. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती मोडून टाका. म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.

जोडणी अशी करा

वायर व्हीसीआरच्या ‘आउट’ लिहिलेल्या जागी लावा, ‘इन’मध्ये नाही. पिवळं टोक चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. आवाजाची एकच जागा असेल तर फक्त पांढरं लावा. दुसरी टोकं त्याच रंगाप्रमाणे कॅप्चरला जोडा आणि कॅप्चर कॉम्प्युटरला लावा.

कॉम्प्युटरवर ‘ओबीएस स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात कॅप्चर निवडा. चित्र काळंपांढरं आलं किंवा हलायला लागलं तर सेटिंगमध्ये ‘पाल’ निवडा, आपल्याकडच्या कॅसेटी त्याच पद्धतीच्या असतात. आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून आवाज येतोय का बघा, मगच पूर्ण कॅसेट लावा. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, घाई चालत नाही. तासाला साधारण २ जीबी जागा धरा.

झाल्यावर फाइलच्या दोन प्रती ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर. मूळ कॅसेट टाकून देऊ नका.

प्रत्येकीने वेगळं सामान घ्यायची गरज नाही. कोणाकडे कॅसेट आहे, कोणाकडे चालू व्हीसीआर आहे, हे पुढच्या मासिक बैठकीत विचारा. गावात मिळून एक कॅप्चर घेतलं तरी सगळ्यांचं काम होईल.