घरचा सीएनसी राउटर : चुकलेलं पाऊल

मंडळी, घरी बनवलेल्या राउटरबद्दल एक गोष्ट आधी लक्षात घेऊ. आपण कुठे आहोत, हे त्याला कळत नाही. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, झाले ३२००. आमचा लीडस्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवतो, म्हणजे १ मिमीला ४०० पल्स. कंट्रोलर पल्स मोजून पाठवतो. मोटर खरंच फिरली का, हे तो बघत नाही.

आम्ही सागवानात देव्हाऱ्याच्या दाराची जाळी कोरत होतो. घाईने एकाच दमात ६ मिमी खोल गेलो. गाठ लागली, मोटर अडखळली आणि पुढची सगळी नक्षी जवळजवळ २ मिमी बाजूला सरकली. यंत्र मात्र काही झालंच नाही असं चालत राहिलं. फळी वाया!

तेव्हापासून आम्ही एका वेळी २ मिमीच खोली घेतो. आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर चौकोन कापतो आणि बिट शून्यावर परत आणतो. टोक पहिल्या खुणेवर बसलं, की पावलं शाबूत. नाही बसलं, तर वेग कमी करायचा, कपलिंगचे स्क्रू तपासायचे. चांगली फळी त्यानंतरच लावायची, बरं का.