कोटी फेऱ्यांपलीकडची परीक्षा

एका धक्क्यात मोडण्याइतका भार ज्याच्यावर कधी पडलाच नाही, असे पोलादही बेताच्या भाराच्या पुनरावृत्तीने अखेर तुटते, हे प्रशियातील अभियंता ऑगस्ट व्होलर याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले आणि 1870 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या यंत्राचे वंशज आजही प्रयोगशाळांत आहेत. मध्यभागी निमुळता व आरशासारखा गुळगुळीत केलेला नमुना वजनाने वाकवून फिरवला, की त्याच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू फेरीगणिक आळीपाळीने ताण व दाब सोसतो. एक कोटी फेऱ्या निभावणाऱ्यास बहुधा दाखला मिळतो, आणि मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या यंत्रावर हे काम सुमारे 56 तासांत उरकते.

विजेच्या मोटारगाडीने ही मुदत तोकडी ठरवली. तिची मोटर मिनिटाला 15,000 फेऱ्या सहज घेते, उभ्या गाडीलाही भरपूर पीळ देते, आणि वेग आवरताना स्वतःच जनित्र होऊन तो पीळ उलटवते, त्यामुळे गिअरच्या दाताच्या मागल्या अंगालाही आराम नाही. सरासरी 10,000 फेऱ्या धरल्या, तर मोटरच्या शाफ्टवरील लहान गिअरचा प्रत्येक दात सुमारे 1,667 तासांत शंभर कोटी वेळा जोडीदाराला भिडतो.

अशा गिअरसाठी 20एमएनसीआर5 सारखे अल्पकार्बनी पोलाद कार्बनयुक्त वातावरणात तापवून तेलात पाणी देतात. त्याने कवच कठीण होते, गाभा चिवट राहतो आणि कवचात दाबाचा ताण कायमचा मुक्कामाला येतो. पृष्ठभागावर भेग जन्मणे त्यामुळे दुरापास्त होते. पण कोटीच्या पुढे गेल्यावर तीच भेग आत, ॲल्युमिनाच्या एखाद्या सूक्ष्म कणापाशी, जन्म घेते, व तुटलेल्या पृष्ठावर त्या कणाभोवती माशाच्या डोळ्यासारखे वर्तुळ दिसते. उष्णोपचाराचा सारा तपशील बिनचूक असूनही वितळभट्टीतली कसूर अशी उशिरा उघडकीस येते.

शंभर कोटी फेऱ्यांना जुन्या यंत्रावर 231 दिवस लागतील. सेकंदाला 20,000 वेळा नमुना ताणणारे-दाबणारे श्रवणातीत यंत्र तेच सुमारे 14 तासांत आटोपते. नमुना तापतो म्हणून त्यावर हवेचा झोत सोडावा लागतो, मध्ये विश्रांती द्यावी लागते, आणि तिचा वेळ वेगळा मोजावा लागतो. माझा आक्षेप मात्र वेगाला नसून आकाराला आहे: एवढ्याशा नमुन्यात घातक कण सापडण्याचा संभवच कमी, त्यामुळे मोठ्या गिअरविषयी त्याची साक्ष थोडी उदारच असते. म्हणून अखेरीस खऱ्या गिअरच्या जोड्या समोरासमोर बांधून, त्यांच्यात पीळ कोंडून, फिरवाव्या लागतात. तेथे मोटरला केवळ घर्षणात गेलेली शक्ती भरून काढायची असते.