गिटारची पेटी तीच, नायक दुसरा

‘देस्पेरादो’ (1995) टीव्हीवर लागला की मी एका फ्लॅशबॅकसाठी थांबतो. मोको नावाचा गुंड दोमिनोला गोळी घालतो, दुसरी गोळी नायकाच्या हातात मारतो, आणि गिटार वाजवणारा हात कायमचा निकामी होतो. हाच प्रसंग रॉबर्ट रॉड्रिग्जने त्याआधी ‘एल मारियाची’त घेतला होता. ‘देस्पेरादो’साठी त्याने तो पुन्हा घेतला तेव्हा मोको तोच होता, पीटर मार्क्वार्ट. दोमिनोही तीच, कोन्सुएलो गोमेझ. बदलला तो फक्त गोळी खाणारा. पहिल्या वेळी तो कार्लोस गायार्दो होता, मेक्सिकोतल्या सिउदाद आकुन्या गावचा. दुसऱ्या वेळी आन्तोनिओ बान्देरास, स्पेनमधल्या मालागाचा. खलनायक चालला, नायिका चालली, मेक्सिकन नायक तेवढा चालला नाही.

‘एल मारियाची’ सात हजार डॉलरमध्ये झाला ही गोष्ट सिनेमावेड्यांना तोंडपाठ असते, म्हणून ती झटपट उरकतो. टेक्सासच्या रॉड्रिग्जने पैसे उभे करायला ऑस्टिनमधल्या एका संशोधन केंद्रात महिनाभर औषधाच्या चाचणीसाठी स्वतःला कोंडून घेतलं. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी खायची, रक्त द्यायचं आणि उरलेल्या वेळात पटकथा लिहायची. मार्क्वार्ट त्याला तिथेच भेटला, शेजारच्या खाटेवरचा गिनिपिगच म्हणा. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, तरी स्पॅनिश सिनेमाचा खलनायक झाला. 1991च्या उन्हाळ्यात दोन आठवडे आकुन्यात चित्रीकरण चाललं. कॅमेरा उसना, सोळा मिलिमीटरचा, आणि इतका खडखडणारा की संवाद शॉट संपल्यावर वेगळे टेपवर घ्यावे लागत. ट्रॉली म्हणून दवाखान्याची चाकाची खुर्ची होती. संकलनात ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की रॉड्रिग्ज पडद्यावर कुत्र्याचा शॉट टाकायचा. त्या कुत्र्याची करडी नजर वाखाणणाऱ्या समीक्षकांचं मला फार कौतुक वाटतं.

हेतू काही महान नव्हता. स्पॅनिश व्हिडिओ बाजारात कॅसेट विकायची, चार पैसे करायचे, एवढाच. या बाजारामागे मोठी परंपरा होती. सरहद्दीवरच्या तस्करांचे, ट्रकवाल्यांचे, बंदूकधाऱ्यांचे स्वस्तातले सिनेमे मेक्सिकोत पोत्यांनी निघत. मारियो आल्मादा हा तिथला खरा दादा. तीनशेच्या वर सिनेमे, चेहरा दगडी, आणि प्रेक्षक अमेरिकेत राबायला गेलेला मजूर. ‘ला बांदा देल कारो रोहो’ (1978) हा त्याचा गाजलेला सिनेमा तर लोस तीग्रेस देल नोर्ते या बँडच्या गाण्यावरूनच बेतलेला. या सिनेमांना चित्रपट महोत्सवात कोणी विचारलं नाही. त्यांनाही विचारून घ्यायचं नव्हतं.

गायार्दो आणि रॉड्रिग्ज शाळेपासूनचे दोस्त. गायार्दो नुसता नायक नव्हता, निर्मातासुद्धा होता आणि गाव त्याचंच होतं. बंदुका, बस, तुरुंग, गल्ल्या, सगळं त्याच्या ओळखीवर मिळालं. रॉड्रिग्जचं ‘रिबेल विदाउट अ क्रू’ हे रोजनिशीवजा पुस्तक जिद्दीचं बायबल म्हणून वाचलं जातं. मी ते गायार्दोच्या बाजूने वाचतो, आणि तसं वाचलं की नावातला ‘क्रू नसलेला बंडखोर’ जरा खटकतो. सगळं गाव हाताशी असलेला माणूस क्रूशिवाय कसा?

पुढे कोलंबिया कंपनीने सिनेमा घेतला. आधी विचार होता नवे नट घेऊन पुन्हा बनवायचा. शेवटी आहे तोच 1993च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला, त्याआधी सनडान्सला प्रेक्षकपसंतीचं बक्षीस मिळालं. 35 मिलिमीटरची प्रत आणि नवा ध्वनी यांवर कंपनीने मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे ओतले, म्हणून सात हजारांचा आकडा ऐकताना मी नेहमी हातचा राखतो. पुन्हा बनवायचा विचार मात्र मेला नव्हता. ‘देस्पेरादो’ म्हणजे तोच विचार, सत्तर लाख डॉलरचा. सात हजारांच्या हजार पट!

मला हे सगळं ओळखीचं का वाटतं, तर मी गोसीखुर्दच्या बाजूचा. आमची वैनगंगा पवनीवरून खाली ब्रह्मपुरी, वडश्याकडे जाते, आणि वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. धान निघालं, मंडया भरल्या, की नाटकं सुरू. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. दोन-चार कलाकार असे असतात की त्यांच्या नुसत्या प्रवेशाला मंडप दणाणतो. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे कुणाला ‘कोण हे’ विचारावं लागलं नाही. पण पोस्टर बघा. वर मोठ्या अक्षरात मुंबई-पुण्याची कुणीतरी ‘फेम’, आणि ज्याच्यासाठी गाव खरं येतं तो खाली, बारीक. तिकीट विकायला बाहेरचा चेहरा लागतो, ही समजूत आकुन्याएवढीच आमच्याकडेही पक्की आहे.

मालेगावने ही समजूत काही काळ धुडकावली. यंत्रमागाचं गाव, शुक्रवारची सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने दोन व्हीसीआर जोडून संकलन शिकून घेतलं आणि 2000च्या सुमारास पन्नासेक हजारांत ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. बच्चनची नक्कल करणारा यंत्रमागवाला पाहायला गावाने बच्चनइतकीच गर्दी केली. याला विडंबन म्हणतात, पण मला त्यात चेष्टेपेक्षा हक्क जास्त दिसतो. घोडा नाही म्हणून आमचा डाकू डाकू नाही काय?

याच मालिकेतला ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैजा अहमद खान यांनी त्याच्या निर्मितीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) हा माहितीपट केला, म्हणून हा सिनेमा जगाला कळला. सुपरमॅन होता शेख शफीक, यंत्रमागावरचा कामगार, हाडाचा सापळा. त्याच्या अंगावर तो निळा-लाल पोशाख वाळत घातल्यासारखा दिसतो. उडण्यासाठी हिरवं कापड, क्रेनसाठी बैलगाडी, ट्रॉलीसाठी सायकल. कॅमेरा पाण्यात पडतो, काम थांबतं. सुपरमॅनचं लग्न निघतं, काम पुन्हा थांबतं. सरहद्दीवरच्या त्या चाकाच्या खुर्चीची ही सख्खी भावंडं. मला त्यातला फारोग जाफरी हा लेखक जास्त आवडतो. बाकीचे हसतात, तो मात्र लेखकाच्या वाट्याला काय येतं त्याचा हिशेब मांडत असतो. अशा मंडळीत एक तरी कुढणारा लागतो, नाहीतर सगळी सर्कस होते.

शफीक 2011 मध्ये कर्करोगाने गेला. माहितीपट भारतात चित्रपटगृहांत लागला तो 2012च्या जूनमध्ये.

मग रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला, 2024 साली टोरंटोत, 2025च्या फेब्रुवारीत आपल्याकडे. सिनेमा चांगला आहे, वरुण ग्रोव्हरचं लेखन मायेचं आहे. शफीक झालाय शशांक अरोरा, नासिर झालाय आदर्श गौरव, फारोग झालाय विनीतकुमार सिंग. तिघेही उत्तम नट. पण इथे शफीकचं आजारपण आधी येतं आणि त्याच्यासाठी म्हणून सुपरमॅनचा घाट घातला जातो. माहितीपटातला शफीक आजारी नाही. तो हसतो, लाजतो, लग्न करतो आणि उडायला तयार होतो, कारण उडायला मिळतंय. मोठ्या सिनेमाला गरीब माणसाच्या हौसेमागे एखादं दुःख लागतंच असं दिसतं. नुसती हौस त्याला पुरत नाही.

या बाबतीत रॉड्रिग्ज जास्त प्रामाणिक वाटतो. त्याने बदललेला नायक लपवला नाही. ‘देस्पेरादो’त गायार्दो आहे. सहनिर्माता आहे आणि पडद्यावर काम्पा नावाचा मारियाची आहे. शेवटाकडच्या मारामारीत बान्देरासच्या मदतीला दोन दोस्त येतात, दोघांच्याही हातात गिटारच्या पेट्या, पेट्यांत बंदुका. त्यातला एक काम्पा. तो मूळ नायक नव्या नायकासाठी गोळ्या झाडतो आणि रस्त्यात मरतो. ‘एल मारियाची’चं कथानकच मुळी काळ्या कपड्यातला एक गिटारवाला दुसराच कुणी समजला जातो, यावर उभं होतं. गायार्दोच्या बाबतीत ते कथानक पडद्याबाहेरही चालू राहिलं.

पुढे त्याने ‘बांदिदो’त (2004) स्वतः नायकाची भूमिका केली. रॉड्रिग्जने लिहिलेल्या ‘कुरांदेरो’तही तोच नायक होता, पण तो सिनेमा वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन मेक्सिको’त (2003) गिटारची पेटी पुन्हा बान्देरासकडेच होती, गायार्दो निर्मात्यांच्या यादीत. 2011च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या सिनेमांच्या राष्ट्रीय यादीत या मालिकेतला एक सिनेमा घेतला. तो सत्तर लाखांचा नव्हे, सात हजारांचा, ज्यात कुत्रा आहे आणि गायार्दो आहे.