परसातला चर: पाण्याला वाट, घराला शोभा

कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या एका घराच्या वाट्याला त्यातले किती पाणी येते? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि दिवसभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पागोळ्यांतून ५००० लिटर पाणी अंगणात उतरते. त्याला वाट दिली नाही तर ते जोत्यात मुरते, भिंतींना ओल चढते, नाहीतर शेजारच्या अंगणात शिरते. अशा पाण्यावरून सख्ख्या भावांनी बोलणे टाकल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे.

सिमेंटचे गटार पाणी लगेच पुढे ढकलते, पण जमिनीत थेंब मुरू देत नाही. त्याऐवजी झाडे लावलेला मातीचा चर केला तर पाणी संथ वाहते, थोडे मुरते आणि परसही हिरवे दिसते.

चर मे महिन्यात, जमीन कोरडी असताना खणावा. जोत्यापासून निदान १० फूट दूर. विहीर आणि सेप्टिक टँक यांच्यापासूनही लांब, उताराच्या खालच्या बाजूला. रुंदी ४ फूट आणि मधली खोली १ फूट पुरते. कडा उभ्या न ठेवता तिरक्या ठेवाव्यात, म्हणजे माती ढासळत नाही आणि लहान मुलांनाही धोका राहत नाही. १०० फुटांना १ फूट उतार असावा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तो तपासता येतो. पागोळीचे पाणी जिथे पडते तिथे जांभ्याचे तुकडे पसरावेत. निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी रचावी.

पहिले पाऊस झाले की लागवड करावी. तळाशी पाय ओले चालणारी झाडे हवीत: कर्दळ, अळू, वेखंड, सोनटक्का. उतारावर वाळा लावावा, त्याची मुळे खोल जाऊन माती धरून ठेवतात. वरच्या कोरड्या काठावर गवती चहा आणि पावसाळी लिली. सोनटक्क्याचा वास संध्याकाळी ओटीपर्यंत येतो.

वुजूचे पाणी साबणाविना असते. ते उन्हाळ्यात या झाडांना खुशाल सोडावे. मोरीचे साबणाचे पाणी मात्र कर्दळीपर्यंतच ठेवावे. भाजीचे अळू त्या पाण्यावर नको.

डासांची भीती रास्त आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत चर रिकामा झाला पाहिजे. खळगे राहिले तर बुजवावेत, पालापाचोळा आठवड्याला काढावा. झाडी दाट होऊ देऊ नये, सापकिरडू लपते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चराचे तोंड. ते सार्वजनिक व्हाळाकडे किंवा आपल्याच जागेतल्या शोषखड्ड्याकडे असावे, शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नव्हे. कुदळ मारण्यापूर्वी शेजाऱ्यांना बोलावून जागा दाखवावी. हद्दीवरून दोन्ही घरांचा मिळून एकच चर काढता आला तर खर्च निम्मा होतो आणि पावसाळ्यात कोणाचे मनही गढूळ होत नाही.