एकच गोळी, पण गुण वेगळा!

सेकंड इयरच्या सबमिशनच्या धामधुमीत घरून फोन आला. बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवला. रात्रीच्या एसटीने घर गाठलं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्यायला सांगितल्या : अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल.

आठवड्यात बाबांच्या पोटात जळजळ सुरू झाली. मी शहाणपणा करून मेडिकलमधून ओमेप्राझोलच्या कॅप्सूल आणल्या. मेसची मिसळ खाल्ल्यावर आपण घेतो, त्याच! पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती पट्टी पाहिली आणि विचारलं, "हे कोणी दिलं?" मी खाली मान घातली. त्यांनी ती बंद करून पँटोप्राझोल दिली. का, ते शोधताना जे कळलं ते सांगतो.

या गोळ्यांना आपण 'रक्त पातळ करायच्या' म्हणतो, पण रक्त काही पाण्यासारखं पातळ होत नाही. जखम झाली की प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी करतात. तीच गुठळी स्टेंटमध्ये झाली तर रक्त अडतं आणि पुन्हा अ‍ॅटॅक येऊ शकतो. क्लोपिडोग्रेल प्लेटलेट्सचं हे चिकटणं कमी करतं.

गंमत अशी की, गिळलेलं क्लोपिडोग्रेल स्वतः काहीच करत नाही. त्यातला सुमारे ८५ टक्के भाग तसाच निकामी होतो. उरलेल्याचं खरं औषध यकृतात तयार होतं. हे काम मुख्यतः ज्या एन्झाइमकडे असतं त्याचं नाव सीवायपी-२सी१९. ओमेप्राझोल नेमकं यालाच अडवतं. म्हणजे मी बाबांच्या कारखान्यातला मुख्य कामगारच बसवून ठेवला होता!

काहींच्या बाबतीत मात्र हा कामगार जन्मापासूनच सुस्त असतो. या एन्झाइमच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असेल तर औषध कमी तयार होतं, दोन्ही बिघडलेल्या असतील तर फारच कमी. गोळी तीच, डोस तोच, पण संरक्षण अपुरं. आणि हे बाहेरून कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१० साली या औषधावर तसा ठळक इशारा छापायला लावला. दोन्ही प्रती बिघडलेले लोक युरोपीय वंशात साधारण २ टक्के, तर चिनी लोकांत सुमारे १४ टक्के. आपल्या भारतीयांत निदान एक बिघडलेली प्रत असणारे निम्म्याच्या आसपास आहेत!

घाबरायचं कारण नाही. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीतून हे जनुक तपासता येतं. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही औषधं या एन्झाइमवर अवलंबून नाहीत. पण त्यांत रक्तस्रावाचा धोका जास्त, म्हणून ती सरसकट देत नाहीत. प्रत्येकाची चाचणी करावी का, यावरही डॉक्टरांत एकमत नाही.

आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, स्टेंटनंतर गोळी मनाने बंद करायची नाही. दुसरी, घरच्यांना कुठलीही 'साधी' गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मी इंजिनियर होणार आहे, डॉक्टर नाही, हे त्या दिवशी मला चांगलंच कळलं.